पांढऱ्या टपाची गाडी

नारायणकाका शिंदे नसते तर मी आज गावातच कुणाच्या तरी उसाला पाणी पाजत असतो. त्यांचं नाव आधी घेतो आणि मग नेदरलँडकडे वळतो.

काका एसटीत कंडक्टर होते. आमच्या गावात संध्याकाळी मुक्कामाची गाडी येई, तिच्यावर त्यांची ड्यूटी असे. काका आणि ड्रायव्हर देवळाच्या ओवरीत झोपत, आई त्यांना भाकरी-आमटी पोचवी, आणि पहाटे गाडी तालुक्याला परत जाई. मला दहावीत बरे गुण मिळाले तेव्हा वडील म्हणाले, आता कामाला लाग. काका त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पोरगं तालुक्याला माझ्या घरी राहील. डबा तुमचा, पोचवायचा मी." अकरावी-बारावी मी त्यांच्या घरी राहून केली. आईनं बांधलेला डबा रोज काकांच्या शेजारच्या सीटवर बसून तालुक्याला यायचा. पुढे मी इंजिनियर झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. आता कोल्हापुरात एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे.

काकांची एक सवय मी त्या वर्षांत गावी येता-जाता दर वेळी पाहिली. एसटीत दोरी एकदा ओढली की गाडी थांबते आणि दोनदा ओढली की निघते. डबल बेल देण्याआधी काका मागे जाऊन दार लागलंय का, दारात कुणी लोंबकळत नाही ना, हे स्वतः बघत. ड्रायव्हर कितीही हॉर्न वाजवो, हे झाल्याशिवाय त्यांचा हात दोरीला जात नसे.

कंपनीनं मला आइंडहोवनला महिनाभराच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं तेव्हा मी पाया पडायला गेलो. काका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली आहेत. त्यांची मुलगी सुजाता लग्नानंतर तिकडेच, न्यूनेन नावाच्या गावात राहते. ते मला म्हणाले, "सुजी तिकडं गाड्यांच्या शर्यतीत पडलीय. आणि साध्या न्हाईत, एकमेकाला आपटायच्या गाड्या. ती म्हणती काय होत न्हाई. जावई काय बोलत न्हाईत. तू सेफ्टीचा माणूस. डोळ्यानं बघ आणि मला सांग. सिंगल का डबल."

"काका, मी कोण सांगणार?"

"तिनं शब्द दिलाय, संजूदादा नको म्हणला तर सोडते. आणि फोनवर सांगायचं न्हाई. फोनवर तू मला बरं वाटंल तेच बोलशील. लिहून पाठव."

बॅगेत प्रशिक्षणाची कागदपत्रं होती, काकूंनी दिलेला लसणीच्या चटणीचा डबा होता, आणि वर हे काम.

न्यूनेन

न्यूनेन हे आइंडहोवनजवळचं शांत गाव. सकाळी लोक सायकलीवरून किंवा गाडीतून कामाला जातात, संध्याकाळी परत येतात, आणि मधल्या वेळात रस्त्यावर एखादं मांजर दिसतं. घरांना मोठमोठ्या काचेच्या खिडक्या, आणि त्यांना पडदे जवळपास नाहीतच. रस्त्यानं जाताना लोक जेवताना दिसतात. आमच्याकडे दार उघडं असतं आणि खिडकीला पडदा असतो. इथे दार बंद आणि खिडकी उघडी. पहिले दोन दिवस मी मान खाली घालून चालत होतो, मग सवय झाली.

माझा महिनाभराचा मुक्काम सुजाताकडेच होता. पोचलो त्या दिवशी तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "या परीक्षक. आधी जेवून घे, मग नापास कर."

पिठलं होतं, भात होता, आणि काकूंची चटणी उघडल्याबरोबर अर्धी संपली. सुजाता लग्नानंतर निखिलबरोबर इथे आली तेव्हा तिला काम नव्हतं. निखिल पुण्याचा, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर. तो सकाळी जायचा आणि ही खिडकीत बसायची. पुढे ती डच शिकली आणि आता जुन्या गाड्या मोडून त्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका यार्डात काउंटर सांभाळते. बी.कॉम. झालेली मुलगी आता बोनेट वाजवून गाडीचं वय सांगते.

"शर्यतीत कशी पडलीस?" मी विचारलं.

"लायसन्समुळं. इथली परीक्षा मी दोनदा नापास झाले. का, माहीत आहे? घाबरते म्हणून. परीक्षक म्हणाला, बाई, जिथं थांबायची गरज नाही तिथं तुम्ही थांबता. मोठ्या रस्त्याला लागायचं म्हटलं की माझा पाय ब्रेकवरच. शेवटी आमच्या यार्डात भाग न्यायला येणाऱ्या कॉरीनं मला तिच्या शेतात नेलं, एका भंगार गाडीत बसवलं आणि दुसऱ्या गाडीनं येऊन मागून ठोकलं."

"ठोकलं?"

"हळूच. मग म्हणाली, आता तू मला ठोक. दिवसभर तेच. संध्याकाळपर्यंत माझा पाय ब्रेकवरून निघाला. तिसऱ्या वेळी लायसन्स मिळालं." ती ताटात चटणी वाढत म्हणाली, "आता रविवारी माझी पहिली खरी शर्यत आहे, दादा. बाबांना नको म्हणून कळवायचं असेल तर कळव. पण बघून कळव."

जेवण झाल्यावर सुजाता भांडी मशीनमध्ये लावत होती. निखिलनं मला मागच्या अंगणात नेलं. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि कढीपत्त्याची कुंडी होती.

"दादा, तुम्ही नाही म्हणा," तो हळू आवाजात म्हणाला.

"तुम्ही स्वतः का नाही म्हणत?"

"मी म्हटलं तर नवऱ्यानं परवानगी नाकारल्यासारखं होतं. तसं मला करायचं नाही. ती इथे माझ्यामुळे आली, दोन वर्षं घरात बसली. त्यानंतर तिला पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं सापडलं आणि मी ते बंद करू? पण मला झोप लागत नाही. तुम्ही प्रोफेशनल आहात. तुमचं कारण टेक्निकल असेल."

मला जावयाचं वाईट वाटलं. माझ्या खांद्यावर आता दोन माणसांची भीती होती आणि तिसऱ्या माणसाचा आनंद.

कॉरीचा गोठा

शनिवारी आम्ही गाडी बघायला गेलो. कॉरी पन्नाशीची, उंच आणि रुंद खांद्यांची बाई. तिच्या गोठ्यात एका बाजूला गाई आणि दुसऱ्या बाजूला शर्यतीच्या गाड्या. दोन्हींची ती सारख्याच मायेनं विचारपूस करते. गेल्यावर लगेच कॉफी मिळाली, आणि कॉफीबरोबर प्रत्येकी एक बिस्कीट. डबा उघडला, एकेक बिस्कीट दिलं, डबा बंद. दुपारी जेवण म्हणजे पावाला लोणी आणि त्यावर चॉकलेटची बारीक शेव. साठीच्या घरातला तिचा नवरा लहान मुलासारखी ती शेव खात होता. आमच्याकडे घरी आलेल्या पाहुण्याला असं जेवण दिलं तर सोयरीक मोडेल. पण बोलण्यात कसलीही काटकसर नव्हती.

सुजाताची गाडी म्हणजे जुनी छोटी गाडी. आत काही ठेवलेलं नव्हतं. काचा नाहीत, मागच्या सीट नाहीत, गालिचा नाही. आत जाड लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केलेला. ड्रायव्हरच्या दाराला आतून पत्रा आणि खिडकीला जाळी. पेट्रोलची मूळ टाकी काढून मागे छोटी पोलादी टाकी घट्ट बसवलेली. पुढेमागे लोखंडी बंपर. टप पांढरा. या क्लबात नवशिक्याचा टप पांढरा, थोडं जमलेल्याचा पिवळा, मग निळा, आणि सर्वांत चांगल्यांचा लाल. शर्यत सुरू होताना लाल टपाच्या गाड्या मागे असतात. चांगल्यानं मागून यायचं आणि वाट काढायची. अगदी पहिल्यांदा उतरणारा मात्र त्यांच्याही मागे, म्हणजे सगळ्यांच्या शेपटाला. त्याच्या गाडीच्या मागच्या बाजूला काळी फुली असते. सुजाताच्या गाडीवर ती फुली होती.

मी गाडीखाली शिरलो, वेल्डिंग हातानं तपासलं, पट्टे ओढून पाहिले. कामात खोट नव्हती. आमच्या कारखान्यात असं काम दिसलं तर मी शाबासकी देईन.

"मग?" कॉरीनं इंग्रजीत विचारलं. "तुम्ही सेफ्टीवाले. पास का नापास?"

"गाडी पास," मी म्हणालो. "पण माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे कामगाराला जाड हातमोजे दिले की तो हात यंत्राच्या आणखी जवळ नेतो. तुम्ही गाड्या इतक्या मजबूत केल्या, तर लोक आणखी जोरात ठोकत नाहीत का?"

कॉरी हसली नाही. "ठोकतात," ती म्हणाली. "मी सुरू केलं तेव्हा पिंजरे इतके चांगले नव्हते. तेव्हा आम्ही बायका एकमेकींना नुसता गाडीचा कोपरा लावायचो, ढकलायचो. आता तरुण पोरी सरळ येतात. दरवर्षी क्लबाच्या बैठकीत हेच भांडण. एक गट म्हणतो, ठोकर कमी करा. दुसरा म्हणतो, मग लोक घरी बसून टीव्ही बघतील. दोघांचंही बरोबर आहे. म्हणून नियम वाढतात आणि ठोकरही राहते."

"आणि तुम्ही कुठल्या गटात?"

"मी लाल टपात. मला मागून बघायचं असतं, समोरची काय करणार आहे ते." मग सुजाताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे. गाडी थांबली तर आतच बसायचं. पट्टे सोडायचे नाहीत. आग लागली तरच बाहेर. ठीक असशील तर हात वर करून ट्रॅकच्या मधल्या मैदानातल्या मार्शलला, म्हणजे झेंडेवाल्या पंचाला दाखवायचा आणि शांत बसायचं. या खेळात माणसं गाडीत मरत नाहीत, गाडीतून उतरल्यावर मरतात."

हे वाक्य मी मनात नोंदवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मला काहीच उपयोग झाला नाही.

रविवार, मैदान

मक्याच्या शेतांमध्ये एक छोटा लंबगोल डांबरी ट्रॅक. भोवती पोलादी कठडा, त्यावर जाड तारा, आणि तारांच्या मागे बऱ्याच अंतरावर गवताचा उतार. त्या उतारावर लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. तान्ह्या मुलांच्या कानांवर आवाज अडवणारी मोठमोठी हेडफोनसारखी झाकणं. एक आजी लोकर विणत होती आणि शेजारच्या मैदानात इंजिनं तापवताना होणाऱ्या आवाजानं तिचा एकही टाका चुकत नव्हता. प्रत्येकाच्या हातात बटाट्याच्या तळलेल्या फोडींचा कागदी द्रोण आणि वर मेयोनीजचा ढीग. मीही घेतला. मीठ कमी होतं, पण वाऱ्यात गरम गरम बरं लागलं.

मला आमच्या जत्रेतली बैलगाड्यांची शर्यत आठवली. तिथे कठडा म्हणजे माणसंच. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना लोक इतके पुढे सरकतात की बैलाला वाट दिसू नये. गाडा उलटला की सगळं गाव धावतं. कुणी बैल धरतं, कुणी माणसाला उचलतं, कुणी नुसतं ओरडतं. न धावणाऱ्याला तिथे माणूस म्हणत नाहीत.

शर्यतीआधी गाडी आणि ड्रायव्हर दोघांची तपासणी झाली. तपासणारे आजोबा सुजाताला म्हणाले, डोळे मिटून पट्टे सोड आणि बाहेर ये. ती आली. मग त्यांनी तिच्या गळ्याकडे बोट दाखवलं. मंगळसूत्र. दागिना अंगावर चालणार नाही. सुजातानं ते काढून निखिलच्या हातात दिलं.

"खिशात ठेव. आणि भोक नसलेल्या खिशात."

निखिलनं जाकिटाचे खिसे चाचपले. मग सरळ स्वतःच्या गळ्यात घातलं आणि जाकिटाची चेन वर ओढली.

"शोभतंय," सुजाता म्हणाली.

"तू लवकर परत घे म्हणजे झालं."

फेरी म्हणजे ट्रॅकभोवतीच्या बऱ्याच चकरांची एक छोटी शर्यत, आणि दिवसात अशा तीन. पहिल्या फेरीत ती शेवटून निघाली आणि शेवटीच राहिली. बाहेरच्या बाजूनं, कुणाच्या वाटेत न येता, शाळेला निघाल्यासारखी गाडी चालवत होती. पुढच्या गाड्या एकमेकींना ढकलत होत्या, एक गिरकी खाऊन गवतात गेली, आणि सुजाता सगळ्यांना वाट देत देत शर्यत पूर्ण करून आली. निखिलचा चेहरा जरा मोकळा झाला. मीही मनात म्हणालो, एवढंच असेल तर काय हरकत आहे.

हेल्मेट काढल्यावर मात्र ती चिडलेली होती. "ब्रेकवरच पाय होता, दादा. पुन्हा तेच."

दुसऱ्या फेरीपर्यंत बारीक पाऊस सुरू झाला होता. टीमच्या माणसांना उभं राहायला कठड्याच्या एका फटीजवळ जागा होती. त्या फटीतून बचावाचा ट्रॅक्टर आत जातो. आडवी फक्त एक साखळी. आम्ही दोघं तिथे उभे होतो. निशाण पडलं. सुजाता पुन्हा शेवटून निघाली, आणि पहिल्याच वळणावर तिनं गर्दीत मागे पडलेल्या पिवळ्या टपाच्या गाडीला मागून बंपर लावला, ढकललं, ती बाहेर सरकली आणि ही आतून निघाली.

निखिल पुटपुटला, "अरे, हिनं मारलं."

मग दुसरी. मग ओल्या डांबरावर एक निळी गाडी स्वतःच घसरली आणि सुजाता तिच्याही पुढे. लाउडस्पीकरवरचा माणूस तिचं नाव वेगवेगळ्या तऱ्हेनं मोडत होता. मी ओरडत होतो. सेफ्टी ऑफिसर म्हणून मी कधी ओरडलो नव्हतो, जत्रेत मात्र लहानपणी असाच ओरडायचो. माझ्या हातातला द्रोण कधी पडला ते कळलंच नाही.

आमच्या समोरच तिला मागून ठोकर बसली. गाडी फिरली, पाठ कठड्यावर आपटली आणि ट्रॅकवर आडवी उभी राहिली. नाक मधल्या मैदानाकडे, ड्रायव्हरचं दार येणाऱ्या गाड्यांकडे. इंजिन बंद. मला मागच्या मोकळ्या खिडकीतून फक्त तिचं हेल्मेट दिसत होतं. ते हलत नव्हतं.

पुढचं मी ठरवून केलं नाही. मी साखळीखालून वाकून आत गेलो होतो आणि तिच्याकडे धावत होतो. पिवळे झेंडे हलत होते, गाड्या हळू होत होत्या, पण ओल्या रस्त्यावर सगळ्याच थांबल्या नव्हत्या. लाल टपाची एक गाडी वळणावरून आली. तिनं सुजाताच्या गाडीला चुकवायची वाट धरली होती आणि त्याच वाटेवर मी होतो. ड्रायव्हरनं चाक दुसरीकडे फिरवलं. गाडी माझ्या बाजूनं गेली, तिचा वारा माझ्या पायांना लागला, आणि ती पुढे जाऊन कठड्यावर आपटली. कुणीतरी मला मागून कॉलरला धरून ओढलं. तो मार्शल होता. डचमध्ये तो काय बोलला ते मला समजलं नाही आणि समजायची गरजही नव्हती.

लाल झेंडे लागले. सगळं थांबलं. आपटलेल्या गाडीतली बाई पट्ट्यांसकट बसलेली होती आणि तिनं हात वर केला होता. ती कॉरी होती. सुजाताचा हातही वरच होता, मैदानातल्या मार्शलकडे, शिकवल्याप्रमाणे. मागून तो मला दिसला नव्हता.

साखळीच्या पलीकडे निखिल होता तिथेच उभा होता. एका मुठीत जाकिटाचा गळा धरलेला, चेहरा पांढरा.

"तुम्ही कसे नाही धावलात?" मी नंतर विचारलं.

"मी नियमावली पाठ केली आहे, दादा," तो म्हणाला. "झोप लागत नाही तेव्हा तीच वाचतो."

क्लबाचा नियम सरळ होता. टीमचा माणूस ट्रॅकवर आला तर त्या ड्रायव्हरची त्या दिवसाची शर्यत संपली. सुजाताला शेवटची फेरी मिळाली नाही. कॉरीच्या गाडीचं पुढचं चाक तिरकं झालं होतं, म्हणून तीही बाहेर.

सुजाता माझ्यासमोर आली. हेल्मेटमुळे केस कपाळाला चिकटले होते. "दादा, कशाला उतरलास तू?"

मी तिचं हेल्मेट धरायला हात पुढे केला. तिनं ते दिलं नाही.

"मी बसून होते ना? एवढं एकच मला सगळ्यात अवघड होतं. बसून राहायचं. ते मी केलं." तिनं निखिलच्या गळ्यातून मंगळसूत्र काढून घेतलं आणि गाडीकडे चालू लागली.

कॉरी लंगडत आली. गुडघ्याला थोडं लागलं होतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझ्या पहिल्या शर्यतीत माझी आई छत्री घेऊन आत आली होती. त्या छत्रीनं ती गाड्या थांबवत होती." मग बोट रोखून म्हणाली, "उद्या संध्याकाळी ये. माझा बंपर तू सरळ करायचा."

सोमवार, पुन्हा गोठा

त्या दिवशीचं प्रशिक्षण संपवून मी गेलो. कॉरीनं मोठा हातोडा दिला आणि स्वतः गाईंकडे गेली. बंपर सरळ करणं सोपं नसतं. थोड्या वेळानं सुजाताही कामावरून आली. रविवारपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिनं जॅकेट काढलं तेव्हा गळ्याच्या बाजूला पट्ट्याचा निळा वळ दिसला.

"दुखतंय?"

"मान जास्त दुखते. बाबांना हेही लिही."

"लिहीन."

मी विचारलं, मानेला आधार देणारी पट्टी असते ती का घातली नव्हतीस. ती म्हणाली, नव्यांना सक्तीची नाही, आणि त्यानं मान वळत नाही. मी म्हणालो, पुढच्या वेळी घालायची.

"पुढच्या वेळी म्हणजे?"

"हातोडा धर," मी म्हणालो, "मी दुसऱ्या टोकाला बघतो."

तिनं हातोडा धरला. काम संपायला आलं तेव्हा कॉरी कॉफी घेऊन आली. प्रत्येकी एक बिस्कीट, आणि डबा बंद. माझ्या हातांकडे बघून तिनं तो पुन्हा उघडला आणि मला दुसरं दिलं. या देशात मला याहून मोठा मान मिळाला नाही.

घरी गेल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पत्र लिहिलं आणि निखिलला आधी वाचायला दिलं. त्यानं दोनदा वाचलं. नाही हा शब्द तो शोधत होता, तो त्यात नव्हता. तो म्हणाला, "मानेच्या पट्टीचं मी बघतो. चांगल्यातली आणतो." मग त्यानंच पाकिटावर पत्ता लिहिला आणि दुसऱ्या दिवशी सायकलवरून जाऊन ते पोस्टात टाकलं. माझ्या आधी चार-सहा दिवस ते तालुक्याला पोचलं. ते असं होतं:

*न्यूनेन, सोमवार*

*ती. काकांना संजयचा साष्टांग नमस्कार.*

*तुम्ही सांगितल्याप्रमाणे डोळ्यानं बघून लिहितो आहे. आधी जे वाईट आहे ते.*

*गाड्या खरोखर आपटतात. सुजीच्या गाडीला जोरात ठोकर बसली. तिच्या गळ्याजवळ पट्ट्याचा वळ उठला आहे आणि मान दुखते आहे. हाड मोडलेलं नाही. पुढे कधी मोडणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही. मानेला आधार देणारी पट्टी तिनं घातली नव्हती. आता घालायची कबूल झाली आहे आणि ती आणायचं काम जावयांनी अंगावर घेतलं आहे.*

*आता बाकीचं. गाडी मी खालून-वरून तपासली आहे. काम पक्कं आहे. ते लोक तपासल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत, अंगावर दागिनासुद्धा ठेवू देत नाहीत. काकूंना सांगा, मंगळसूत्र नीट आहे. तेवढा वेळ ते जावयांच्या गळ्यात होतं.*

*ती नुसती धीट झालेली नाही. आधी घाबरायची, आता कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे तिला कळतं. गाडी आडवी उभी राहिली, दाराच्या बाजूनं गाड्या अंगावर येत होत्या, आणि ती पट्टे न सोडता हात वर करून बसून राहिली. मला ते जमलं नसतं.*

*हे मी अनुभवानं सांगतो, कारण मला ते जमलं नाही. मी साखळीखालून आत धावलो. एका बाईला मला वाचवण्यासाठी आपली गाडी कठड्यावर घालावी लागली आणि सुजीची शेवटची फेरी माझ्यामुळे गेली. तुम्ही मला सेफ्टीचा माणूस म्हणून पाठवलंत. त्या दिवशी त्या मैदानात सर्वांत धोकादायक वस्तू मी होतो. तुम्ही बेल देण्याआधी मागे जाऊन बघायचात, दारात कुणी लोंबकळतंय का. तसा मी लोंबकळत होतो.*

*पुढची शर्यत महिनाअखेरीला आहे. मी तेव्हा इथेच असेन आणि गवताच्या उतारावर, तारांच्या मागे, एका विणकाम करणाऱ्या आजींच्या शेजारी बसेन. तशी मी जागा धरून ठेवायला सांगितली आहे.*

*काका, दार लागलं आहे. मी स्वतः ओढून बघितलं आहे. आता मागे कुणी लोंबकळत नाही.*

*डबल बेल.*

*तुमचा,*
*संजय*